धावेपासून धावेकडे

माझ्या पुतण्याने जुनी पुंटो घेतली तेव्हा घरात पेढे वाटले गेले. महिन्याभरात त्याने तिची चाके बदलली. मूळची पंधरा इंची काढून सतरा इंची अलॉय बसवली, त्यावर पातळ टायर. गाडी दुसरबीडच्या चौकात उभी राहिली की पोरे गोळा व्हायची. मी कुरकुरलो, तर तो म्हणाला, "काका, चाकाची एकूण उंची तेवढीच राहते. मग बिघडलं कुठं?"

हिशेब त्याचा बरोबर होता. टायरवर १९५/६० आर १५ असे लिहिलेले असते. त्यात १९५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये, ६० म्हणजे रुंदीच्या किती टक्के टायरची भिंत उंच आहे ते, आणि १५ म्हणजे रिमचा व्यास इंचात. या टायरची भिंत ११७ मिलिमीटर आणि पूर्ण चाक ६१५ मिलिमीटरचे. त्याने बसवलेला २०५/४५ आर १७ घेतला, तर भिंत ९२ आणि पूर्ण चाक ६१६. फरक एका मिलिमीटरचा. स्पीडोमीटर खोटे बोलणार नाही, चाक मडगार्डला घासणार नाही. फक्त रबर आणि हवा यांची भिंत पंचवीस मिलिमीटरने कमी झाली आणि तेवढीच धातूची रिम वाढली. सगळी गोष्ट त्या पंचवीस मिलिमीटरची आहे.

ती समजायला मला आमच्या वाड्यातल्या बंडीपर्यंत मागे जावे लागते. लहानपणी धाव बसवताना पाहिली आहे. मधे लाकडी तुंबा, त्यातून निघालेले आरे, आरे धरून ठेवणारा लाकडी घेर. लोखंडी कडे गोवऱ्यांच्या आगीत लालभडक करायचे, चिमट्यांनी उचलून चाकावर चढवायचे आणि लगेच पाणी ओतायचे. वाफेचा लोट उठायचा, कडे आकसायचे आणि सगळे चाक आवळून धरायचे. इंग्रजीतला 'टायर' हा शब्द मुळात याच लोखंडी कड्यासाठी होता. म्हणजे आमची धाव हीच मूळची टायर. मजबूत, पण निर्दयी. प्रत्येक दगड थेट आखात, तिथून बैलाच्या खांद्यात आणि गाडीवानाच्या कमरेत.

हा दणका रोखायला हवा कामी आली. रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ साली हवेच्या टायरचे पेटंट घेतले, पण ते विस्मरणात गेले. १८८८ मध्ये जॉन डनलॉपने बेलफास्टला ती कल्पना पुन्हा शोधली आणि ती टिकली. पुढे आपल्याकडे बंड्यांनाही रबरी टायर आले. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही सुखाची मोठी क्रांती होती, तिची नोंद मात्र फार कोणी ठेवली नाही.

मोटारीही याच वाटेने आल्या. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याला फियाट गाड्या बनवल्या. त्यातलीच एक पुढे पद्मिनी झाली. तिचे टायर चौदा इंची, अरुंद, पण भिंत जवळजवळ रुंदीइतकीच उंच. खड्ड्यात पडली तरी टायर पिचकून पुन्हा उभा राहायचा. वळणावर मात्र तीच भिंत कलायची आणि गाडी डुलायची.

तिथेच शर्यतवाल्यांची अडचण होती. वळणावर उंच भिंत वाकते, मग स्टिअरिंगचे म्हणणे चाकापर्यंत उशिरा पोचते. शिवाय वेग वाढला की ब्रेकची डिस्क मोठी लागते आणि ती मावायला रिम मोठी लागते. बाहेरचा व्यास मात्र वाढवता येत नाही. मग कमी करायला उरते ती भिंत. मिशेलिनने १९४६ मध्ये पेटंट घेतलेल्या रेडियल रचनेमुळे अशी बुटकी भिंतही टिकू लागली. १९७० च्या दशकाच्या मध्यात पिरेलीचा पी७ शर्यतीतून पोर्शेच्या रस्त्यावरच्या गाडीला आला आणि पातळ टायर ही हौसेची वस्तू झाली. महाराष्ट्रात या घराण्यातली गाडी म्हणजे रांजणगावला बनलेली अबार्थ पुंटो. ती ऑक्टोबर २०१५ मध्ये बाजारात आली. १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि १९५/५५ आर १६ टायर. कारखान्यानेही एकच इंच वाढवला होता. माझा पुतण्या दोन इंच पुढे गेला.

आमच्या गावाजवळून समृद्धी महामार्ग जातो. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला, ५ जून २०२५ ला ७०१ किलोमीटर पूर्ण झाले. त्या काँक्रीटवर ही चाके शोभतात. पण १ जुलै २०२३ च्या पहाटे आमच्याच सिंदखेडराजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ बस पेटून पंचवीस माणसे गेली. कारण काय यावर वाद झाले, पण त्यात टायर फुटल्याची चर्चा गावोगाव झाली. तेव्हापासून आमच्याकडे टायर हा हलका शब्द राहिला नाही.

आणि समृद्धीवरून उतरल्यावर घरापर्यंत जुनाच रस्ता असतो. एका रात्री वहिनींना जालन्याच्या दवाखान्यातून आणताना पुतण्याची गाडी खड्ड्यात आदळली. भिंत दबली, रिम खड्ड्याच्या काठावर बसली आणि तडकली. दीड तास वहिनी अंधारात मागच्या सीटवर पडून होत्या. ऑपरेशनचे टाके ताजे होते. त्या काही बोलल्या नाहीत, पुतण्याही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी पंक्चरवाल्याने तडकलेली रिम पायाने उलटी केली आणि म्हणाला, "भाऊ, हे तं बंडीचं चाक झालं. हवा कमी, लोखंड जास्त."

रिम ॲल्युमिनियमची होती, पण म्हणणे खरे होते. दणका खाण्यासाठी माणसाने धावेत हवा भरली आणि वेगासाठी तीच हवा तो आता थोडीथोडी काढतो आहे. ज्याचा रस्ता सपाट, त्याला हे परवडते. पुतण्याने पंधरा इंची चाके परत बसवली. सतरा इंची उरलेली तीन माळवदावर आहेत, वाड्यातल्या जुन्या धावेशेजारी. विकत का नाहीस, असे मी त्याला अजून विचारलेले नाही.