दोन वाजून पाच

नोव्हेंबर १९६०. शिकागो. मिशिगन सरोवराच्या काठावर ‘मॅकॉर्मिक प्लेस’ हे प्रदर्शन-केंद्र सुरू होतं. ‘शिकागो ट्रिब्यून’चे प्रकाशक रॉबर्ट मॅकॉर्मिक यांचं नाव त्याला दिलेलं. काँक्रीट आणि पोलाद. अशा इमारतीत पेट घेण्यासारखं काही नाही, हा त्या वेळचा पक्का समज. मुख्य दालन तीन लाख चौरस फुटांहून मोठं, पण त्याच्या छताला स्प्रिंकलर नाहीत. छत पेलणाऱ्या पोलादी कैच्यांवर अग्निरोधक लेप नाही. विचार इमारतीचा झाला. तिच्यात दर महिन्याला भरल्या जाणाऱ्या मालाचा झाला नाही.

रविवार, १५ जानेवारी १९६७. उद्या गृहोपयोगी वस्तूंचं राष्ट्रीय प्रदर्शन उघडायचंय. बाराशेहून अधिक प्रदर्शक. लाकडी चौकटी, कापड, कागद, प्लास्टिक. सहा वर्षांपूर्वी ज्या दालनात जळण्यासारखं काही नव्हतं, ते आता अशाच वस्तूंनी या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलेलं आहे.

स्टॉलची दर्शनी बाजू गिऱ्हाइकासाठी असते. वायर पाठीमागून जाते. मागे पडदा असतो, रिकामी खोकी असतात, आणि चार दिवसांनी काढायचंच आहे म्हणून घाईत मारलेले जोड असतात. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी तिकडे डोकावायला कोणाला सवड नसते.

रविवार, रात्र. प्रदर्शक गेले. आत सफाई कामगार आणि सुरक्षारक्षक.

दालन बंद झालं म्हणजे प्रवाह बंद झाला असं नाही. हे आजही तितकंच खरं आहे. आता स्टॉलवर एलईडी पट्ट्या असतात, बारा किंवा चोवीस व्होल्टच्या, जुन्या बल्बांच्या मानाने बऱ्याच थंड. एका कंट्रोलरवरून सगळ्या स्टॉलचा प्रकाश शून्यावर आणता येतो; डीएमएक्स या प्रकाश-नियंत्रणाच्या पद्धतीत एका तारेवर ५१२ चॅनेल बसतात. पण शून्य म्हणजे फक्त ‘प्रकाश देऊ नको’ असा निरोप. मेन स्विच पाडला नसेल तर पडद्यामागच्या ड्रायव्हरपर्यंत, म्हणजे पट्ट्यांना वीज पुरवणाऱ्या डबीपर्यंत, आपल्याकडे २३० व्होल्ट येतच राहतात. रात्री अंधारलेला स्टॉल पाहून वायरमन निर्धास्त घरी जातो. १९६७ मध्ये तर असा कंट्रोलरही नव्हता. प्रत्येक स्टॉलची वायर वेगळी आणि तिची जबाबदारीही वेगवेगळ्यांची.

सोमवार, १६ जानेवारी, पहाटे २.०५. सफाई कामगारांना एका स्टॉलच्या मागे धूर दिसतो. मग ज्वाळा. चौकशीत पुढे बोट ठेवलं गेलं ते स्टॉलच्या तात्पुरत्या, सदोष वायरिंगवर.

कामगार हातात असेल त्याने, झाडूने, आग झोडपून विझवू पाहतात. आग लहान आहे. त्या क्षणी त्यांना दुसरं काय सुचणार होतं? छतातून आपोआप पाणी येणार नाही.

२.११. अग्निशमन दलाकडे वर्दी. मधली सहा मिनिटं गेली. पडद्याची आग शेजारच्या पडद्याला लागायला इतका वेळ पुष्कळ होतो. मोठ्या दालनाला मध्ये भिंती नाहीत, प्रदर्शनासाठी ती सोय मुद्दाम केलेली.

पुढची काही मिनिटं. बंब पोहोचतात. जवान पाइप जोडतात, हायड्रंट उघडतात. पाणी येत नाही.

इमारतीभोवती सात हायड्रंट. त्यांतले चार बंद. शेजारी रस्त्याचं काम चालू होतं, त्यासाठी ते बंद केले होते. काम करणाऱ्याच्या दृष्टीने तो एक व्हॉल्व्ह फिरवण्याचा प्रश्न होता. कोरडे हायड्रंट आता, आगीसमोर, कळले.

इमारतीला लागूनच मिशिगन सरोवर. जगातल्या गोड्या पाण्याच्या सर्वांत मोठ्या साठ्यांपैकी एक. जवान तिथून पाणी खेचायला लागतात. जानेवारीतली पहाट. वेळ जातो.

२.३०. फायर कमिशनर रॉबर्ट क्विन पाचव्या अलार्मचा, म्हणजे मोठी जादा कुमक बोलावण्याचा, आदेश देतात. आग दिसल्याला पंचवीस मिनिटं झालीत.

पोलाद जळत नाही, हे खरंच. मात्र साधारण ५५० ते ६०० अंश सेल्सिअसला त्याची ताकद निम्म्यावर येते. वर लेप नसलेल्या कैच्या. खाली बाराशे प्रदर्शकांचा माल.

त्यानंतर थोड्याच वेळात. मुख्य दालनाचं छत कोसळायला लागतं.

पाचशेहून अधिक जवान कामाला लागलेले. आत आता वाचवण्यासारखं फार उरलेलं नाही. नाट्यगृह, एरी क्राउन थिएटर, तेवढं बरंचसं तगलं.

सकाळी, पावणेदहाच्या सुमारास. आग शमली. एक सुरक्षारक्षक आत मेला होता.

दालनात माणसांची गर्दी नव्हती याचं कारण एवढंच, की पहाटेचे दोन वाजले होते. प्रदर्शन त्याच दिवशी उघडायचं होतं.

जानेवारी १९७१. त्याच जागी नवी इमारत उघडते. आराखडा जीन समर्स यांचा. आता पाण्याची सोय छतातच केलेली आहे.