‘सुवार्ता’ ते ‘सुबोध बायबल’

१९५५ साली वसईत ‘सुवार्ता’ मासिक सुरू झाले, तेव्हा तिथल्या चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे मुख्य उपासनाविधी, लॅटिनमध्येच होत असे. घरात सामवेदी किंवा वाडवळी बोली, शाळेत प्रमाण मराठी आणि वेदीपाशी लॅटिन, अशी वसईकर कॅथलिकांची तऱ्हा होती. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले. ख्रिस्ती शेतकरी मात्र आपल्या केळीच्या बागा राखत इथेच राहिले. त्यांची रोजची भाषा मराठीच होती. धर्मावर लिहायला-वाचायला मराठीत हक्काची जागा तेवढी कमी होती. ती या मासिकाने दिली.

१९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषांना उपासनेचे दार उघडले आणि भाविकांच्या हाती बायबल द्यायचा आग्रह धरला. मराठीत त्याआधी मोठे काम झाले होते, पण ते मुख्यतः प्रॉटेस्टंटांचे. विल्यम कॅरींचा नवा करार १८११ चा, श्रीरामपूरचा. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल मराठीत आणले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये छापले गेले. एका बाईने एकहाती पेललेले हे काम मराठी वाङ्मयाच्या इतिहासात अजून पुरेशा मानाने नोंदले गेलेले नाही, असे मला ठामपणे वाटते.

कॅथलिकांच्या बाजूने हे काम पुढे हाती घेतले ते फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी. ते वसईतल्या नंदाखालचे. १९७२ मध्ये ते धर्मगुरू झाले, १९८३ मध्ये ‘सुवार्ता’चे संपादक झाले आणि २००७ पर्यंत त्या खुर्चीत राहिले. या चोवीस वर्षांत मासिकाचे रूप पालटले. धर्मशिक्षणाच्या जोडीला कविता, ललित लेख, समाजातले वाद, पर्यावरण यांना त्यात जागा मिळाली आणि वाचक चर्चच्या आवाराबाहेर पसरला. त्याच सुमारास वसईवर इमारतींचे संकट आले. बागायतीच्या विहिरींतले पाणी टँकरने नव्या वसाहतींना जाऊ लागले, हिरवा पट्टा बिल्डरांच्या नजरेत भरला. ‘हरित वसई संरक्षण समिती’च्या लढ्यात फादर पुढे उभे राहिले. मोर्चे निघाले, धमक्या आल्या. धर्मगुरूने पाण्याच्या भांडणात पडावे का, असे विचारणारेही होते. त्यांच्या लेखी हा प्रश्नच उद्भवत नव्हता. ज्या संदेष्ट्यांची वचने ते प्रवचनात समजावून सांगत, ते संदेष्टे गरिबांची शेते गिळणाऱ्यांवरच तुटून पडले होते.

बायबलचा अभ्यासक म्हणून त्यांचे वेगळेपण मला इथे दिसते. ग्रंथ जिथे घडला ती भूमी त्यांनी हिंडून पाहिली. इस्राएल-पॅलेस्टाईनच्या दुखण्यावर ‘संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची’ हे पुस्तक लिहिले. ‘सुबोध बायबल’ हे त्यांचे सर्वांत मोठे काम. जुन्या भाषांतरांतली अवघडलेली वाक्ये सोडून त्यांनी वाहती मराठी धरली आणि ख्रिस्ती नसलेल्या वाचकालाही संदर्भ लागावा म्हणून प्रस्तावना व टिपा दिल्या. हा ग्रंथ राजहंस प्रकाशनाने काढला, म्हणजे इतर मराठी पुस्तकांच्या शेजारी तो दुकानात मांडला गेला. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. दर महिन्याला सर्व थरांतल्या वाचकांसाठी लिहिता-लिहिता घडलेला हा हात होता. केवळ सेमिनरीत बसून अशी भाषा कमावता आली नसती. २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार त्यांना याच कामासाठी मिळाला.

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, त्याच्या अध्यक्ष होत्या अरुणा ढेरे. त्यांच्यानंतर अध्यक्षपद आले ते फादर दिब्रिटोंकडे. उस्मानाबादचे ९३ वे संमेलन १० ते १२ जानेवारी २०२० ला झाले. या पदावर बसलेले ते पहिले ख्रिस्ती साहित्यिक. निवड जाहीर होताच विरोधाचे आणि धमक्यांचे फोन सुरू झाले. पाठीच्या दुखण्याने बेजार असताना ते चाकाच्या खुर्चीतून मंचावर आले आणि आपले म्हणणे शांतपणे मांडले. १६१६ मध्ये ‘क्रिस्तपुराण’ छापणाऱ्या फादर स्टीफन्सपासून चालत आलेली ख्रिस्ती मराठी परंपरा त्या दिवशी मराठी सारस्वताच्या मध्यभागी बसली होती.

२५ जुलै २०२४ रोजी फादर गेले. त्यांच्या आत्मचरित्राचे नाव आहे ‘नाही मी एकला’.