पायाखालची भूमी

कलकत्त्यातील जोडासाँकोच्या वाड्यात वाढलेल्या रवींद्रनाथांनी १९०६ साली पुत्र रथींद्रनाथास अमेरिकेस धाडले, ते शेतीशास्त्र शिकण्यासाठी. १९२२ मध्ये शांतिनिकेतनाजवळील सुरूल येथे श्रीनिकेतनाच्या ग्रामसेवेस आरंभ झाला. १९२८ च्या पावसाळ्यात शांतिनिकेतनात वृक्षारोपणाचा व श्रीनिकेतनात हलकर्षणाचा उत्सव सुरू झाला. विद्यार्थी रोपटे गात-नाचत मिरवीत नेतात. नांगराला सजविलेले बैल जुंपतात. मराठी मनास पोळाच आठवावा! भूमीवरील प्रेम पाठांतराने नव्हे, हातांना माती लागून जडते, हे कवीने ओळखले होते. आमच्या मुलांना सह्याद्री सुट्टीतच भेटतो. अंगणातली माती मात्र गंगेची आहे. तिच्यात एक रोप लावण्यास आम्ही शिकविले नाही, तर ही मुले दोन्हीकडे पाहुणीच राहतील.