फिनिश रायफलीची दोन वये
फिनलंडच्या एम-३९ रायफलीची ओळख एका शिक्क्यावरून पटत नाही. नळीवर साको किंवा व्हीकेटी या फिनिश कारखान्याची खूण आणि १९४२ साल दिसते. लाकडी दस्ता उतरवला, की रिसीव्हरच्या (नळी आणि बोल्ट धरणाऱ्या सांगाड्याच्या) शेपटीखाली कधी १८९० च्या दशकातले रशियन सालही सापडते. कारण एम-३९ ही मोसिन-नागां या रशियन रायफलीचीच फिनिश आवृत्ती, आणि तिचे रिसीव्हर फिनलंडने स्वतः बनवलेच नाहीत. हाती लागलेले, जिंकलेले, विकत घेतलेले जुने रिसीव्हरच वापरले. मग ही रशियन रायफलच, असे कुणी म्हणेल. ते पटत नाही: नेम ठरवणारी नळी, माशी आणि दस्ता फिनिश आहेत. चौकटीतला ‘एसए’ शिक्का मात्र निर्मिती नव्हे, फक्त फिनिश लष्कराची मालकी सांगतो. पकडलेल्या सोव्हिएत रायफलींवरही तो आहे. वेगवेगळ्या काळांचे हे भाग म्हणजेच टंचाईतल्या सैन्याचा इतिहास. संग्राहकांनी ते ‘जुळवण्यासाठी’ बदलू नयेत.