'युजरॲड'ने फाइल सिस्टीममध्ये लक्ष घालावे काय?

लिनक्स संगणकावर नव्या व्यक्तीस प्रवेश द्यावयाचा तर तिचे 'युजर अकाउंट' उघडावे लागते. हे काम 'युजरॲड' ही छोटी कमांड करते. पासवर्डच्या फाइलमध्ये नावाची ओळ लिहिणे, क्रमांक देणे, गट ठरविणे आणि सांगितल्यास 'होम'मध्ये त्या व्यक्तीसाठी स्वतंत्र डिरेक्टरी तयार करणे, एवढाच तिचा व्याप. आरंभीच्या फाइली 'स्केल' नावाच्या साच्यातून नकलून ठेवल्या जातात ('स्केलेटन' म्हणजे सांगाडा, त्याचा हा संक्षेप). डिस्कवर फाइल सिस्टीम कोणती आहे, याच्याशी युजरॲडला वर्षानुवर्षे काही कर्तव्य नव्हते.

ही स्थिती बदलली ती दोन नव्या फाइल सिस्टीममुळे. सन मायक्रोसिस्टिम्सने २००५ साली खुली केलेली झेडएफएस आणि २००९ साली लिनक्स कर्नलमध्ये दाखल झालेली बीटीआरएफएस. दोन्हींमध्ये एकाच डिस्कवर अनेक स्वतंत्र विभाग क्षणात निर्माण करता येतात. झेडएफएसमध्ये त्यांना 'डेटासेट' म्हणतात, बीटीआरएफएसमध्ये 'सबव्हॉल्यूम'. प्रत्येक विभागाचा 'स्नॅपशॉट', म्हणजे त्या क्षणाचे गोठविलेले रूप, वेगळा घेता येतो आणि जागेची मर्यादाही वेगळी लावता येते. साहजिकच प्रश्न आला की, प्रत्येक युजरच्या होम डिरेक्टरीला असा स्वतंत्र विभाग का देऊ नये? आणि तो द्यावयाचा तर कोणी द्यावा?

एका कमांडने एकच काम करावे, हा युनिक्सचा जुना दंडक. त्यानुसार सबव्हॉल्यूम व्यवस्थापकाने आधी हाताने तयार करावा आणि मग युजरॲड चालवावी, असे म्हणता येते. परंतु तेथेच अडचण होते. डिरेक्टरी आधीच अस्तित्वात असल्याचे दिसताच युजरॲड केवळ सूचना देते आणि साच्यातील फाइली नकलत नाही. मग त्या फाइली नकलणे, मालकी बदलणे, परवानग्या लावणे हे सारे हाताने आले. शंभर विद्यार्थ्यांची खाती उघडणाऱ्याला हे परवडणारे नाही. अकाउंट काढून टाकतानाही पेच होताच. २०१८ पूर्वीच्या कर्नलमध्ये सबव्हॉल्यूम साध्या डिरेक्टरीप्रमाणे पुसता येत नसे, त्यासाठी स्वतंत्र आज्ञा लागे.

अखेर २०१९ साली युजरॲडमध्ये बीटीआरएफएससाठी ऐच्छिक पर्याय समाविष्ट झाला. तो मागितला तरच सबव्हॉल्यूम तयार होतो आणि मूळ डिरेक्टरी बीटीआरएफएसवर नसेल तर कमांड नकार देते. युजरॲड हे काम स्वतः करीत नाही, ती बीटीआरएफएसच्याच कमांडला पाचारण करते. खाते काढणाऱ्या 'युजरडेल'लाही सबव्हॉल्यूम ओळखून हटविण्याची जाण दिली गेली, हे विशेष महत्त्वाचे. निर्माण करणाऱ्याने निस्तरण्याचीही व्यवस्था करावयास हवी.

फ्रीबीएसडीने याउलट मार्ग पत्करला. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या १४.० आवृत्तीपासून तेथील 'ॲडयुजर' मूळ डिरेक्टरी झेडएफएसवर आहे असे दिसताच आपणहून नवा डेटासेट तयार करते. नको असेल तर तसे सांगावे लागते. फ्रीबीएसडीत झेडएफएस चांगलीच रुळलेली असल्याने हे समजण्यासारखे आहे. लिनक्सचे तसे नाही. ज्या २०१९ साली युजरॲडला हा पर्याय मिळाला, त्याच वर्षी रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सची आठवी आवृत्ती बीटीआरएफएस वगळून बाजारात आली. पुढच्याच वर्षी, २०२० मध्ये, फेडोराने मात्र आपल्या डेस्कटॉप आवृत्तीसाठी तीच फाइल सिस्टीम स्वीकारली! अशा विखुरलेल्या जगात पर्याय ऐच्छिक ठेवणे हेच शहाणपणाचे होते.

खरा धोका बॅकअपचा आहे. बीटीआरएफएसचा स्नॅपशॉट आत दडलेल्या सबव्हॉल्यूमपर्यंत पोहोचत नाही. 'होम'चा स्नॅपशॉट रोज रात्री घेतला जात असेल आणि नव्या युजरना सबव्हॉल्यूम दिले गेले असतील, तर त्या स्नॅपशॉटमध्ये त्यांच्या जागी रिकाम्या डिरेक्टरी दिसतात. चूक झाल्याचा संदेश येत नाही. फाइली परत मिळवावयाची वेळ आली की मगच ते उघड होते. 'एकाच फाइल सिस्टीमपुरते राहा' असा पर्याय देऊन चालविलेल्या 'आरसिंक' वा 'टार'चेही तेच, कारण सबव्हॉल्यूमचा उपकरण-क्रमांक त्यांना वेगळा दिसतो. झेडएफएसमध्ये सर्व डेटासेटचा एकत्रित स्नॅपशॉट घेण्याची सोय आहे, पण ती मागावी लागते.

म्हणून हा पर्याय वापरण्यापूर्वी बॅकअपची व्यवस्था तपासावी आणि एक चाचणीचे खाते उघडून त्यातील फाइल परत आणून पाहावी. जुन्या खात्यांना या पर्यायाचा स्पर्श होत नाही. त्यांच्या होम डिरेक्टरी साध्याच राहतात आणि एकाच 'होम'मध्ये दोन्ही प्रकार शेजारी शेजारी नांदतात. जुन्यांनाही सबव्हॉल्यूम द्यावयाचे असल्यास नवा सबव्हॉल्यूम तयार करून फाइली हलविण्याचे काम हातानेच करावे लागते, आणि तेही तो युजर संगणकावर काम करीत नसताना.