सर्वांत मोठ्या प्रसामान्य चलांची बेरीज

प्रसामान्य वितरणातून काही किमती घेऊन त्या उतरत्या क्रमाने लावल्या आणि वरच्या मोजक्याच किमती एकत्र केल्या, तर येणाऱ्या बेरजेचे संभाव्यता-वितरण. स्वतंत्र प्रसामान्य किमतींची सरसकट बेरीज प्रसामान्यच राहते. निवडक बेरीज तशी राहत नाही, कारण निवड किमती पाहून झालेली असते. दोन स्वतंत्र किमतींतली मोठी घेतली, तरी ती सरासरीच्या ०.५६ प्रमाण विचलन वर जाते आणि आलेखाची शेपूट उजवीकडे किंचित लांबते. ॲडेल्की अझालिनी यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या विषम-प्रसामान्य कुळातला हा एक सदस्य.

महाराष्ट्रातले घरोघरचे उदाहरण म्हणजे दहावीचे ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’: सहा विषयांपैकी सर्वाधिक गुणांचे पाच धरायचे. २०१० साली या नियमावरचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एखाद्या गुणपत्रिकेत ८२, ७४, ७१, ६८, ६६ आणि ५३ गुण असले, तर सहा विषयांची सरासरी ६९ भरते; ५३ वगळले की ७२.२.

असा लाभ सरासरीने किती, तेही काढता येते. सहाही विषयांची सरासरी सारखी, प्रमाण विचलन १० आणि गुण परस्परांपासून स्वतंत्र मानले, तर सर्वांत कमी गुण सरासरीच्या १२.७ खाली असतात. म्हणून पाच विषयांची सरासरी सुमारे २.५ गुणांनी चढते. पण गणितात हुशार मुलगी विज्ञानातही बहुधा हुशार असते. विषयांमधला सहसंबंध ०.७५ धरला, तर लाभ नेमका निम्म्यावर येतो. सगळ्या विषयांत सारखी चालणारी मुले इथे मागे राहतात, एकच विषय कच्चा असलेल्यांचे फावते. नियमाची चर्चा करताना हे ध्यानात घ्यायलाच हवे.

बेरजेचा विस्तारही आक्रसतो. प्रमाण विचलन १ धरून पाच स्वतंत्र विषय आधीच ठरवले, तर प्रचरण ५ असते; सर्वोत्तम पाचांसाठी ते सुमारे ४.४२ होते, कारण तळाची पडझड गाळली जाते.

हातगणिताच्या काळात हे आकडे मिळवणे जिकिरीचे होते. मँचेस्टरच्या कापूस-संशोधनाशी जोडलेले एल. एच. सी. टिपेट यांनी १९२५ मध्ये हजारापर्यंतच्या नमुन्यांसाठी सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान किमतींमधल्या सरासरी अंतराचे कोष्टक छापले. नमुना मोठा होत गेला आणि निवडीचे प्रमाण ठरलेले राहिले, तर ही बेरीज पुन्हा प्रसामान्याकडे झुकते. पीकपैदास करणारे याच हिशेबावर चालतात: फार मोठ्या वाफ्यातली वरची ५ टक्के रोपे ठेवली, तर त्यांची सरासरी मूळ सरासरीच्या सुमारे २.०६ प्रमाण विचलन वर असते. १० टक्के ठेवली, तर १.७६.