औषधाच्या दुकानातील चाचणी

महासाथीत चाचणी कोणी करावी, हा प्रश्न वरकरणी वैद्यकीय वाटतो. वस्तुतः तो अधिकारवाटपाचा, म्हणजेच प्रशासनाचा आहे. कोविडच्या काळातील दोन देशांचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक ठरावा.

अमेरिकेच्या आरोग्य व मानवी सेवा खात्याने ८ एप्रिल २०२० रोजी परवानाधारक फार्मासिस्टांना कोविड चाचणी सुचवण्याचा व स्वतः करण्याचा अधिकार दिला. त्यासाठी नवा कायदा करावा लागला नाही. आणीबाणीत सेवा देणाऱ्यांना दाव्यांपासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा हाताशी होता. आणि सोप्या चाचण्यांना प्रयोगशाळांच्या कठोर नियमांतून सूट देण्याची तरतूद १९८८ पासूनच होती. अनेक दुकाने त्या सवलतीखाली रक्तातील साखर तपासतही होती. अडचण आली ती मोबदल्याची. ज्येष्ठांच्या मेडिकेअर योजनेच्या कायद्यात फार्मासिस्टाची गणना सेवा देणाऱ्या व्यावसायिकांत नव्हती. म्हणून दुकानांची तात्पुरती प्रयोगशाळा म्हणून नोंदणी करण्याची आडवाट काढावी लागली. अधिकार एका नस्तीवर मिळाला, पैसा दुसऱ्या नस्तीवर अडला.

आपल्याकडे आरंभी चाचणीचा सारा भार पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेवर होता. पुढे प्रयोगशाळांचे जाळे विस्तारले. पण औषधदुकान त्याबाहेरच राहिले. मे २०२१ मध्ये पुण्यातीलच एका कंपनीच्या घरगुती चाचणीसंचाला मान्यता मिळाली. किंमत २५० रुपये, निकाल पंधरा मिनिटांत. तेव्हा कुठे दुकानदाराचा संबंध आला, तोही केवळ विक्रेता म्हणून. निकाल मोबाइलवरील अॅपमध्ये नोंदवणे रुग्णावर सोपवले होते. ज्याने तो नोंदवला नाही, तो रुग्ण शासनाच्या हिशेबी आजारी पडलाच नाही. जानेवारी २०२२ मध्ये मुंबई महापालिकेने संच विकत घेणाऱ्यांची नोंद ठेवण्यास विक्रेत्यांना सांगितले, ते याच उणिवेपोटी.

वास्तविक औषधविक्रेत्यावर अशी जबाबदारी टाकणे आपल्याला अपरिचित नव्हते. क्षयरुग्णांची माहिती कळवण्याचे बंधन मार्च २०१८ च्या अधिसूचनेने त्याच्यावर घातलेच होते. मात्र कळवण्याचे कर्तव्य देताना तपासणीचे प्रशिक्षण, अधिकार व मोबदला दिला गेला नाही.

गावात डॉक्टर नसला तरी अनेकदा औषधाचे दुकान असते. अधिकार, मोबदला आणि नोंद या तिन्हींची सांगड शांततेच्या काळातच घातली पाहिजे; साथ दाराशी आल्यावर परिपत्रके निघतात, व्यवस्था उभ्या राहत नाहीत.